वासराने पिवळं खाल्लं

शर्यतीचा निकाल आधीच कुठंतरी ठरलेला असतो आणि जाणत्या माणसाला तो आधी कळतो. हे सत्य सोलापूरच्या भवानी पेठेत गेली वीसेक वर्षं अढळ आहे. या वीसेक वर्षांत मल्लिकार्जुनने सांगितलेला एकही घोडा पहिला आलेला नाही, पण त्याने सत्याला बाधा येत नाही. दोष घोड्यांचा असतो.

मल्लिकार्जुन रंगखान्यातून निवृत्त झालेला माणूस. उभी हयात सुताच्या लडी रंगवण्यात गेल्यामुळे त्याची नखं कायमची जांभळी झाली होती आणि बोलण्यात पक्की खात्री आली होती. दर हिवाळ्यात मुंबईची मोठी शर्यत जवळ आली की तो शरणप्पाच्या पेंडीच्या दुकानासमोरच्या बाकावर बसायचा, पेपर मांडीवर पसरायचा आणि घोड्यांची कुळं सांगायला लागायचा. आई कोण, बाप कोण, आजा कुठल्या देशातला. सोयरीक जुळवायला बसल्यासारखं. पैसे कोणीच लावत नसे. पैसे लावले की माणूस जरा दबकून बोलतो. इथं ती भीती नव्हती, त्यामुळे मतं फार ठाम असत.

बाकावरचे दुसरे मानकरी रेवणप्पा सर. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. घोड्यातलं त्यांना काही कळत नसे, पण वाऱ्याची दिशा, मातीतली ओल आणि मुंबईची समुद्रसपाटीपासूनची उंची यावर ते अधिकाराने बोलत.

"तिथं उंचीच नाही ना सर," मल्लिकार्जुन म्हणायचा.

"तेच तर सांगतोय मी," सर म्हणायचे.

शरणप्पा बाकावर बसत नसे. तो आत गल्ल्यावर बसून सरकी पेंड आणि भुसा विकता विकता दोघांचं ऐकायचा आणि यातल्या एकाही घोड्याशी आपलं काही नातं नाही, याचं समाधान मानायचा. या वर्षी ते समाधान गेलं.

मंगळवेढ्याकडचं धनगर जोडपं, धुळा आणि तानाबाई, हे त्याचं जुनं गिऱ्हाईक. मेंढरं सोलापूरच्या बाजूला चरायला आली की तानाबाई तट्टू घेऊन पेंड न्यायला यायची. तट्टावर तिचा पोरगा बिरुदेव असायचा. बसलेला नसायचा, झोपलेला असायचा. खोगीर नाही, लगाम नाही, पोतं टाकल्यासारखा आडवा. तट्टू रहदारीतून चालत यायचं आणि पोरगं पडायचं नाही. एकदा शरणप्पा तिला म्हणाला, "ताना, हे पोरगं मेंढरांमागं घालवू नको. घोड्यावर बसायची नोकरी असते."

तिला वाटलं चेष्टा करतायत. पण शरणप्पाचा साडू पुण्यात शर्यतीच्या तबेल्यांना गवत पुरवायचा. शरणप्पाने त्याच्याकडे शब्द टाकला. पोराला न्यायला साडूची गाडी आली, तेव्हा तानाबाई म्हणाली, "तुमी म्हंता तर जाऊ द्या, अण्णा. तुमच्या जिवावर सोडते बगा." असं माणसं सहज बोलून जातात. शरणप्पानेही ते सहज ऐकून घेतलं होतं.

पुढची काही वर्षं बिरुदेवने लीद उचलली, घोडे फिरवले, पहाटेच्या सरावाला बसला, मग किरकोळ शर्यतींना बसू लागला. आणि या वर्षी मोठ्या शर्यतीच्या तोंडावर एक नावाजलेला जॉकी सरावात घोड्यावरून पडला, त्याचं खांद्याचं हाड मोडलं आणि तो घोडा बिरुदेवकडे आला. घोड्याचं नाव ग्रँड अपॉलॉजी. पेठेने दोन दिवसांत त्याचं अप्पा करून टाकलं.

मग काय, ज्यांनी आयुष्यात लग्नाच्या वरातीपलीकडे घोडा पाहिला नव्हता, ती माणसं अप्पाच्या गुडघ्यांविषयी बोलू लागली. अडचण एकच होती.

"अप्पा येतोय बघा पहिला," मल्लिकार्जुनने तोंड उघडलं आणि सगळा बाक त्याच्या अंगावर गेला.

"गप बे! पोराचं वाटोळं करतो काय?"

"बरं, मग येत नाही म्हणतो."

"असलं अभद्र बोलतात काय बे?"

"मग बोलू काय मी?"

"बोलूच नको!"

तेव्हापासून त्याने अप्पाचं नाव घेणं बंद केलं. खरं सांगायचं तर पेठेचा त्याच्या वाचेवर तेव्हा पहिल्यांदा विश्वास बसला.

पण भाकीत तर हवंच. ते रेवणप्पा सरांच्या डोक्यातून निघालं. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा नुकतीच झाली होती. मैदानावरचे पाळणे पुरते उतरलेही नव्हते. या जत्रेत उपाशी ठेवलेल्या वासरापुढे धान्य, गूळ असं काय काय मांडतात आणि ते कशाला तोंड लावतं, कशाला बुजतं, यावरून सालाचं भाकीत सांगतात, हे सोलापुरात सगळ्यांना ठाऊक.

"जनावराचा निकाल जनावराला विचारावा," सर म्हणाले. "शरणप्पा, तुझ्याकडं परसात वासरू आहे की."

"जर्सी आहे सर ते."

"जर्सी असलं तरी जन्म इथला. रहिवासी धरायचं."

शरणप्पाची बायको दाक्षायणी आतून म्हणाली, "देवाचं ते देवापाशी राहू द्या. घोड्यांपायी मुकं वासरू उपाशी ठेवायला बरं वाटतं काय? साकु झालं तुमचं!"

साकु म्हणजे पुरे, हे कानडी न येणाऱ्यालाही तिच्या आवाजावरून कळलं असतं. पण शनिवारची दुपार ठरून गेली होती.

धुळाला मेंढरांपाशी ठेवून शुक्रवारी तानाबाई एसटीने आली. पदराच्या टोकाला भंडारा बांधलेला, काखेत शाळूची पिशवी. बाकावरची माणसं उठून उभी राहिली. जॉकीची आई म्हणजे आता मोठं माणूस. ती मात्र सरळ गल्ल्यापाशी आली.

"अण्णा, शर्यत कवा हाय?"

"परवा. रविवारी, ऊन उतरल्यावर."

"पयला यील म्हंत्यात समदी."

"येईल की."

"न्हाय आला तरी चालंल." तिने काखेतली पिशवी खाली ठेवली. "धड उतरंल का?"

शरणप्पाने वजनकाट्यावरची धूळ झटकली. "न उतरायला काय झालं?"

"त्या दुसऱ्याचं हाड मोडलं म्हनं. त्येच इचारायला आले. तुमी धाडलाय त्याला, तुमास्नी ठावं आसंल."

आठवडाभर पेठेत अप्पाचे गुडघे, अप्पाचा बाप, अप्पाचा रंग यावर बोलणं चाललं होतं. त्याच्या पाठीवर बसणारा पोरगा खाली कसा येणार, हे एकानेही विचारलं नव्हतं. शरणप्पाने गल्ला उगाच उघडून मिटला. तो म्हणाला, "उद्या वासराला विचारणार आहेत."

त्याला वाटलं ती हसेल. तानाबाईने चप्पल काढून ठेवली आणि परसाच्या दिशेने हात जोडले. "मंग माजं बी त्येलाच इचारा. पयला-दुसरा तुमी बगा. माजं येवडंच इचारा."

बाकीच्यांना गंमत वाटत होती. ही बाई खरोखर विचारणार होती.

शनिवारी भर दुपारी परसातल्या शहाबादी फरशीवर टोपल्या मांडल्या गेल्या. घोडे तितक्या टोपल्या. प्रत्येकीत तानाबाईने आणलेला शाळू, आणि शाळूवर त्या त्या जॉकीच्या सदऱ्याच्या रंगाची सुताची लडी. लडी मल्लिकार्जुनने आणल्या होत्या, पेपरातले फोटो शेजारी धरून रंग जुळवून. बिरुदेवचा सदरा पिवळा.

"लेमन म्हणतात याला," मल्लिकार्जुन म्हणाला.

"भंडारा हाय त्यो," तानाबाई म्हणाली. तो विषय तिथंच संपला.

ऊन पांढरं झालं होतं. चारी बाजूंनी यंत्रमागांचा खडखडाट चालू होता; तो इतका कायमचा की पेठेत जन्मलेल्या माणसाला तो ऐकूच येत नाही. सरांनी मोबाइल वर धरला. शरणप्पाने दावं सोडलं.

सकाळपासून उपाशी असलेलं वासरू धावत सुटेल अशी सगळ्यांची अटकळ. ते धावलं नाही. मान वर ठेवून एका टोकापासून चालत निघालं. एकाही टोपलीत डोकावलं नाही. ओळखीचं कोणी आहे का ते बघत जावं तसं गेलं, दुसऱ्या टोकाला पोचलं, वळलं.

आणि लाइट गेली.

माग एकदम थांबले. माग थांबल्यावर पेठेत जे होतं त्याला शांतता म्हणत नाहीत. कुणीतरी आपले कान काढून नेल्यासारखं वाटतं. त्यात मागच्या गल्लीतून आवाज आला. टाप. टाप. टाप. एकच घोडा, निवांत चालणारा, फरशीवर नाल वाजवत. टाप टाप करत तो परसाच्या भिंतीपर्यंत आला आणि भिंतीपलीकडे थांबला.

वासराने मान खाली घातली. शाळूच्या एका दाण्यालाही तोंड न लावता त्याने पिवळी लडी तोंडात धरली. चघळली नाही. शेवई ओढावी तशी आत ओढत राहिलं. लडी सुटत गेली, आत जात राहिली. शेवटी वीतभर धागा ओठाबाहेर लोंबत राहिला आणि वासरू थांबलं. लाइट आली. माग सुरू झाले.

"अप्पाऽऽ!" कुणीतरी ओरडलं आणि टाळ्या पडल्या. मल्लिकार्जुनच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तुम्ही ऐकलं काय?" शरणप्पाने विचारलं.

"काय?" सर लगेच म्हणाले. "टांगा असेल."

"सर, सोलापुरात टांगा बघून किती वर्षं झाली?"

"मग नसेल," सर म्हणाले.

शरणप्पाने मागचं दार उघडलं. गल्ली रिकामी होती. दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकीला उतरावं लागतं, एवढीच ती गल्ली. ऊन आणि घोड्याच्या घामाचा वास. लीद कुठं पडलेली नव्हती. लीद असती तर त्याला बरं वाटलं असतं.

तो आत आला तेव्हा पेढ्यांची गोष्ट निघाली होती. तानाबाई वासरासमोर उकिडवी बसली होती.

"मास्तर," ती सरांना म्हणाली, "जत्रंतलं वासरू ज्येला त्वांड लावतंय, त्येचं म्होरं काय हुतंय?"

"त्याचा भाव वाढतो," सर उत्साहाने म्हणाले. "गुळाला तोंड लावलं, गूळ महागला. डाळीला लावलं, डाळ महागली."

"महाग का हुतंय?"

"मिळत नाही म्हणून महाग. बाजारातनं नाहीसं होतं, मग..."

सर थांबले. सगळा परसच थांबला. माग तेवढे चालू होते.

ही गोष्ट तिथल्या प्रत्येकाला लहानपणापासून माहीत होती. वासरू बोट ठेवतं ते येणाऱ्यावर नव्हे, जाणाऱ्यावर. आजवर एकाचीही चूक झाली नव्हती, कारण आजवर डाळ आणि गूळ यांच्याशीच गाठ होती. शर्यत म्हटल्यावर सगळ्यांनी तोंड लावणं म्हणजे जिंकणं धरलं. आता तीच माणसं एकेक करून घड्याळाकडे बघू लागली. कुणाला बँकेत जायचं होतं, कुणाचं जेवण राहिलं होतं. चौथ्या शनिवारी बँक बंद असते, हे त्याला कोणी सांगितलं नाही.

तानाबाई शरणप्पाला म्हणाली, "त्याला फोन करा. खरं काय ते सांगा. खाल्लं म्हनावं. मंग बसायचं का न्हाय, त्येचं त्यो बगंल."

शर्यतीच्या दिवशी जॉकीचे फोन काढून घेतात. बोलायचं तर त्याच संध्याकाळी. शरणप्पा फोन घेऊन गोदामात गेला आणि पेंडीच्या पोत्यांमध्ये उभा राहिला.

"मामा!" बिरुदेवचा आवाज मोकळा होता. "मास्तरांनी व्हिडिओ धाडलाय की मला. काय दिसंना त्यात. समदं काळं हाय."

सरांचा अंगठा सगळा वेळ कॅमेऱ्यावर होता, हे तोवर पेठेला कळलं होतं.

"आवाज येतोय फकस्त," बिरुदेव म्हणाला. "मामा, घोडा कुनाचा आनलाय तितं?"

"आपला नाही. रस्त्यावरचा असेल."

"दुकतोय त्यो. उजवा फुडचा पाय उचलून टाकतोय. ऐका परत, ध्यानात यील."

"तुझ्या अप्पाचा पाय बरा आहे ना?"

"बरा हाय की. सकाळपातुर तरी बरा हाय."

पलीकडे कुठंतरी बादलीचा आवाज झाला. बिरुदेवने आवाज खाली आणला. "मामा, खरं सांगा. वासरानं खाल्लं का नुसतं चाटलं?"

म्हणजे पोराला अर्थ माहीत होता. धनगराचं पोरगं, असल्या खुणांवरच वाढलेलं. शरणप्पाने हिशेब केला, म्हणजे त्याला तेव्हा तो हिशेब वाटला. खाल्लं म्हणावं तर पोरगं भिऊन बसेल, आणि भिऊन बसलेला माणूस पडतो. बसू नको म्हणावं तर या पोराला पुन्हा कोण घोडा देईल? आणि का बसत नाही म्हणून मालकाने विचारलं तर ते काय सांगणार, सोलापुरात एका जर्सीच्या वासराने सूत गिळलं?

"चाटलं," शरणप्पा म्हणाला. "नुसतं चाटलं रे."

"मंग हरकत न्हाय," बिरुदेव म्हणाला, आणि इतका मोठा श्वास सोडला की तो फोनमधून शरणप्पाच्या कानाला लागला.

बाहेर तानाबाई उभी होती. "सांगितलंसा?"

"सांगितलं."

"खाल्लं म्हनून?"

"हो. तो बसतो म्हणाला."

"बरं," ती म्हणाली. "त्येला ठावं हाय न्हवं, मंग बरं."

रविवारी सकाळी दाक्षायणी परसात गेली आणि हाक न मारता परत आली. "जरा बघा तरी," एवढंच म्हणाली.

वासराने रात्रीपासून काही खाल्लं नव्हतं. पुढ्यातली वैरण तशीच. रवंथ बंद. मागच्या गल्लीकडच्या भिंतीला नाक लावून ते उभं होतं, आणि ओठातून लोंबणारा धागा काल वीतभर होता, तो आता जवळजवळ फरशीला टेकत होता. पिवळा, ओला, कुठं न तुटलेला.

जनावरांच्या डॉक्टरला फोन केला. ते लग्नाला गेले होते. मागे बँड वाजत होता. "ओढू नका!" ते ओरडून म्हणाले. "आतडं गोळा होतं आणि जनावर जातं. कापूही नका. आहे तसं राहू द्या, उद्या सकाळी येतो."

तानाबाईने ते ऐकलं आणि वासराशेजारी बैठक मारली. धाग्याचं टोक तिने दोन बोटांत धरलं. ओढलं नाही, सोडलंही नाही.

"अगं, उन्हात किती वेळ बसशील?" दाक्षायणी म्हणाली.

"शर्यत हुईस्तवर."

"नुसता धागा आहे गं तो."

"मंग धरला तर काय बिगडलं, वैनी?"

दाक्षायणीने तिच्या डोक्यावर ओला पंचा टाकला आणि बाकावरच्या माणसांना ऐकू जाईल असं कानडीतून काहीतरी म्हणाली. त्याचा अर्थ कोणी विचारला नाही.

ऊन उतरलं. आदल्या दिवशी निघून गेलेली माणसं एकेक करून परत आली. बघायचं नव्हतं, पण बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं. सरांचा मोबाइल परसात आणून एका पालथ्या टोपलीला टेकवून ठेवला. पडद्यावर हिरवळ आणि अंगठ्याएवढे घोडे. एका बाजूला पडदा, दुसऱ्या बाजूला वासरू, आणि शरणप्पा मध्ये उभा. कुठं बघावं ते त्याला कळेना.

घोडे सुटले. पिवळा ठिपका मधोमध होता. समालोचक इंग्रजीत इतका भरभर बोलत होता की कोण पुढे ते फक्त त्यालाच कळत असावं.

"अप्पा कुठाय?"

"तो काय, चौथा."

"बे, तो नारंगी आहे."

"वळणावर येऊ द्या, वळणावर काढेल तो."

घोडे वळणावर आले आणि चित्र थांबलं. पिवळा ठिपका एका बाजूला कलला होता, घोड्याचे पुढचे पाय हवेत. मधोमध ते गोल चक्र फिरू लागलं. त्याच क्षणी माग बंद पडले.

कान पुन्हा काढून नेल्यासारखे झाले. आणि मागच्या गल्लीतून टापा आल्या. या वेळी चालणाऱ्या नव्हेत, पळणाऱ्या. दोन सायकली न मावणाऱ्या गल्लीतून घोड्यांची अख्खी रांग भरधाव येत होती. भिंतीचा गिलावा भुरभुर खाली पडू लागला. हे सगळ्यांनी पाहिलं. सरांच्या चष्म्यावरसुद्धा धूळ बसली. टापा भिंतीला लागून धडधडत गेल्या. मागून एकट्या घोड्याच्या आल्या. तीन स्पष्ट, चौथी दबकी. तीन स्पष्ट, चौथी दबकी. आणि भिंतीच्या मधोमध त्या थांबल्या.

वासराने गिळलं. एकदाच. धागा ताणला गेला, तानाबाईचा हात त्याच्याबरोबर पुढे ओढला गेला, आणि मग तिची बोटं रिकामी झाली. पिवळं टोक वासराच्या ओठांत नाहीसं झालं.

तानाबाई आपल्या बोटांकडे बघत राहिली. बोटांवर पिवळा रंग उतरला होता.

कुणीतरी मोबाइल आपटून बघितला. नेटवर्क गेलं होतं. शरणप्पाने बिरुदेवला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. तो बंदच असणार हे त्याला माहीत होतं, तरी लावत राहिला. मल्लिकार्जुन "चौकात बघून येतो" म्हणाला आणि धोतर सावरत पळाला. बाकीची माणसं परसाच्या कडेकडेने उभी राहिली, मयताच्या घरी उभी राहतात तशी, हात मागे बांधून.

"अण्णा," तानाबाई म्हणाली. मान वर न करता. "खाल्लं आइकल्यावर त्यो काय म्हनला व्हता? कसा म्हनला? शब्द सांगा."

शरणप्पाला खोटं बोलायचं होतं. सगळं तयार होतं तोंडात. "आईला काळजी करू नको म्हणावं" असं काहीतरी. पण समोर ती पिवळी बोटं होती.

"मी खाल्लं असं सांगितलंच नाही त्याला," तो म्हणाला. "चाटलं म्हणालो."

"त्येनं इचारलं व्हतं?"

"विचारलं होतं."

तिने मान हलवली. त्याला वाटलं होतं ती शिव्या देईल. ती उठली, पदराची गाठ सोडली, भंडारा वासराच्या कपाळाला लावला, उरलेला भिंतीवर उधळला, आणि शरणप्पाकडे पाठ करून बसली. पेंडीच्या दुकानात एवढ्या वर्षांत तिने त्याच्याकडे पाठ कधी केली नव्हती. दाक्षायणी पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तिच्याशेजारी जमिनीवर टेकली. शरणप्पाकडे तिनेही बघितलं नाही.

ऊन भिंतीवरून वर सरकत गेलं. माग सुरू झाले नाहीत. वासरू डोळे मिटून उभं होतं. शरणप्पाला पोत्यासारखं आडवं होऊन तट्टावर झोपलेलं पोरगं दिसत होतं, आणि त्याच्या मनात येत होतं, की तिथं ते पडत नव्हतं ते त्याला कुणी काही विचारत नव्हतं म्हणून.

दारात मल्लिकार्जुन उभा होता. धापा टाकत, एका हाताने चौकट धरून. त्याच्या चेहऱ्यावरून काहीही कळत नव्हतं.

"बोल बे," शरणप्पा म्हणाला.

"सातवा," मल्लिकार्जुन म्हणाला.

"काय सातवा?"

"अप्पा. सातवा आला."

तानाबाई वळली. "आन् पोरगं?"

"वरच बसलं होतं की. चौकात इन्व्हर्टरवर टीव्ही चालू होता, त्यावर बघितलं मी, उतरून पाणी पीत होतं."

"आणि पहिला?" सरांनी विचारलं.

पहिला आला त्या घोड्याचं नाव पेठेत तोवर कुणी घेतलेलं नव्हतं. शर्यतीत अकरा घोडे पळाले होते आणि पेठेने आठवडाभर एकाचंच नाव घेतलं होतं.